आजी ब्लूज गायची तेव्हा

आमची आजी ब्लूज गायची. निदान माझ्या कंप्युटरचं तरी तसं म्हणणं होतं.

झालं असं, की गेल्या दिवाळीच्या आधी दादाचा फोन आला. आत्याची पंचाहत्तरी करायचं चाललं होतं, आणि जेवणं झाल्यावर आजीच्या जात्यावरच्या ओव्या लावायच्या अशी त्याची कल्पना. "काकांनी केलेल्या फायली आहेत ना गं तुझ्याकडे? चांगल्या पाच-सहा निवडून ठेव." आहेत म्हटलं. बाबांनी २००२ मध्ये, निवृत्त झाल्या झाल्या, गावाकडच्या जुन्या कॅसेटी टेपरेकॉर्डरपासून कंप्युटरपर्यंत एक वायर ओढून एमपी३ मध्ये उतरवल्या होत्या. एकूण एक्केचाळीस फायली. २०११ मध्ये बाबा गेले. त्यानंतर या डिस्कवरून त्या डिस्कवर त्या सरकत राहिल्या, पण नीट बसून कुणी ऐकल्या नाहीत. माझ्यासकट.

त्या रात्री उघडल्या. गाण्याच्या नावाच्या जागी नुसता चिवडा: इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, डॉलरची चिन्हं, डोक्यावर टिंबं असलेली कुठलीतरी युरोपातली अक्षरं. गायकाच्या जागी तसाच चिवडा. शेऱ्याच्या जागी लांबलचक आकडे. आणि 'प्रकार' या रकान्यात, एक्केचाळीसपैकी एक्केचाळीस वेळा, स्वच्छ शब्दांत: ब्लूज.

(ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या कष्टकऱ्यांच्या दुःखातून आलेलं गाणं. तसं पाहिलं तर पहाटे चारला उठून दळणाऱ्या बायकांच्या गाण्याला ते नाव फार चुकीचं नाही. पण कंप्युटरने एवढा विचार केला असेल असं वाटत नाही.)

पाच-सहा निवडायच्या तर कुठली कुणाची, कधीची, हे कळायला हवं. बाबांनी वर्डमध्ये एक यादी केली होती हे मला आठवत होतं. ती यादी जुन्या डिस्कबरोबर गेली. कॅसेटी आधीच बुरशी येऊन टाकून दिल्या होत्या. म्हणजे जे काही उरलं होतं ते त्या चिवड्यातच. तो चिवडा वाचायचा म्हणून मी जे उद्योग केले त्यांची ही हकीगत. आणि ती सांगायची तर गाण्याला नाव चिकटवण्याचा इतिहास सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही.

आपल्याला वाटतं गाणं आणि त्याचं नाव हे बरोबरच जन्माला येतात. कंप्युटरच्या जगात तसं नाही. १९८२ मध्ये ऑडिओ सीडी बाजारात आली तेव्हा तिच्यावर गाणी किती आणि कुठलं कुठे सुरू होतं एवढंच लिहिलेलं असे. नाव नाही, गायक नाही. नाव वेष्टनावर छापलेलं असतं, ते माणसाने वाचावं, यंत्राला कशाला हवं, असा साधा हिशेब. पुढे कंप्युटरवर सीडी वाजायला लागल्या तेव्हा पडद्यावर 'ट्रॅक १, ट्रॅक २' एवढंच दिसे. ते बघून कंटाळलेल्या टी कान नावाच्या अमेरिकेतल्या प्रोग्रॅमरने १९९३ च्या सुमारास एक युक्ती काढली. प्रत्येक गाणं कितव्या सेकंदाला सुरू होतं आणि सीडी एकूण किती लांब आहे यावरून त्या सीडीचा एक क्रमांक काढायचा, आणि त्या क्रमांकापुढे नावं कुणीतरी एकदा टाईप करून ठेवायची. दुसऱ्या कुणी तीच सीडी घातली की तोच क्रमांक निघणार, नावं आपोआप येणार. स्टीव्ह शर्फ यांच्या मदतीने ती यादी इंटरनेटवर गेली. तिचं नाव सीडीडीबी.

टाईप कोण करत होतं? तुमच्या-माझ्यासारखे लोक. फुकट. आपल्याकडची सीडी यादीत नसली की बसून बारा गाण्यांची नावं टाकायची आणि पाठवायची. लाखो सीडींची यादी अशी उभी राहिली. मग १९९८ मध्ये ती एका कंपनीला विकली गेली, तिचं पुढे ग्रेसनोट झालं, आणि २००१ मध्ये परवाना न घेतलेल्या प्रोग्रॅमांना दार बंद झालं. ज्यांनी नावं टाकली त्यांना आपलीच नावं विचारायला परवानगी लागायला लागली! लोक चिडले. जुन्या यादीच्या प्रतीवरून फ्रीडीबी निघालं (ते २०२० मध्ये बंद झालं), आणि रॉबर्ट के यांनी म्युझिकब्रेन्झ सुरू केलं, जे पुढे कुणाला विकता येऊ नये म्हणून २००४ मध्ये ना-नफा संस्थेच्या हवाली केलं. पण हे सगळं विकतच्या सीडींसाठी. आमच्या स्वयंपाकघरात उखळाशेजारी टेप ठेवून भरलेल्या कॅसेटीचं नाव जगातल्या कुठल्या यादीत असणार?

एमपी३ ची गोष्टही तशीच. हे तंत्र ज्या प्रमाणकात बसवलं ते १९९३ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात आवाज कसा दाबून बसवायचा याचं इतकं बारीक गणित आहे की वाचताना दमछाक होते. पण गाण्याचं नाव कुठे लिहायचं? त्याला जागाच नाही.

जागा काढली ती एरिक केम्प या माणसाने, १९९६ मध्ये. कुठल्या समितीत वगैरे बसून नव्हे, स्वतःचा एक प्रोग्रॅम लिहिताना. फाईल संपली की तिच्या शेपटीला आणखी १२८ बाइट चिकटवायचे. पहिल्या तीन बाइटांत 'टॅग' ही अक्षरं. मग ३० बाइट गाण्याचं नाव, ३० गायक, ३० अल्बम, ४ साल, ३० शेरा आणि शेवटचा एक बाइट प्रकाराचा. झाली बेरीज १२८. शेवटी का? तर जुन्या वाजवणाऱ्या प्रोग्रॅमांना ही भानगड माहीत नव्हती. सुरुवातीला अनोळखी काही आलं असतं तर ते अडखळले असते. गाणं संपल्यावर आलं तर फार तर शेवटी जरासा खरखराट. या पद्धतीला आयडी३ म्हणतात. ज्याला ३० बाइटांत गाण्याचा क्रमांक मिळेना त्या मिखाएल मुट्शलर यांनी वर्षभरात शेऱ्यातलेच दोन बाइट कापून तिथे क्रमांक बसवला. चाळीत गॅलरी बंद करून खोली काढतात तसं.

तीस बाइट इंग्रजीला ठीक. तिथे एक अक्षर म्हणजे एक बाइट. आपल्या देवनागरीला आजच्या यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हं. 'ज्ञानेश्वर' हे नाव मोजून पाहा: दहा चिन्हं, तीस बाइट, जागा काठोकाठ भरली. 'ज्ञानेश्वरी' लिहायला गेलात तर शेवटची वेलांटी बाहेर! हे मी उगीच गंमत म्हणून मोजलं, पण ही गंमत पुढे माझ्या गळ्याशी आली, ते सांगतेच.

आणि तो शेवटचा बाइट. प्रकार लिहायला एकच बाइट, म्हणून प्रकारांना क्रमांक दिलेले. मूळ यादीत ऐंशी प्रकार. त्यात पोल्का आहे, गँगस्टा आहे, थट्टेच्या गाण्यांना एक आहे. ख्याल, ठुमरी, अभंग, लावणी यांचा पत्ता नाही. आपल्या वाट्याला 'एथ्निक' आणि फार तर 'क्लासिकल'. पुढे विनॅम्पवाल्यांनी यादी वाढवली तेव्हाही ख्याल, ठुमरी, अभंग, लावणी आत आल्या नाहीत. क्रमांक शून्यापासून सुरू होतात आणि शून्यावर आहे ब्लूज. म्हणजे ज्या प्रोग्रॅमने तो बाइट न भरता नुसता शून्य ठेवला, त्याची सगळी गाणी ब्लूज. आजीचं कोडं निदान एवढं तरी सुटलं.

इथे जरा शंभर वर्षं मागे जाते, कारण हे सगळं वाचताना मला राहून राहून गौहर जान आठवत होती. १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग ग्रामोफोन कंपनीतर्फे कलकत्त्याला आला आणि त्याने तिचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. त्या तबकड्या ऐकल्या असतील तर आठवेल: तीनेक मिनिटांचं गाणं संपतं न संपतं तोच ती खणखणीत इंग्रजीत आपलं नाव सांगते. अलाहाबादच्या जानकीबाईही सांगायच्या. लहानपणी मला तो नुसता नखरा वाटायचा. कारण वेगळं होतं. मूळ मुद्रणं बोटीने जर्मनीत हॅनोव्हरला जायची आणि तबकड्या तिथे छापल्या जायच्या. तिथल्या कामगाराला ठुमरी कुणाची आणि दादरा कुणाचा हे काय कळणार? म्हणून गाणाऱ्यानेच शेवटी नाव सांगायचं, म्हणजे लेबल बरोबर लागेल. १९०८ मध्ये कलकत्त्यातच सियालदहला छापखाना निघाला, आणि पुढे ही नाव सांगायची रीत हळूहळू मागे पडली.

गाणं संपल्यावर, उरलेल्या जागेत, दूरच्या अनोळखी माणसासाठी नाव. एरिक केम्पला गौहर जान माहीत असेल असं वाटत नाही. पण दोघांनी नेमकी तीच जागा निवडली.

असो. तीस बाइटांची चणचण सगळ्यांनाच होती. १९९८ मध्ये स्वीडनच्या मार्टिन निल्सन आणि मंडळींनी आयडी३ ची दुसरी आवृत्ती काढली, ती पूर्ण वेगळी. टॅग शेपटीवरून डोक्यावर आला. त्यात हवे तेवढे कप्पे, प्रत्येक कप्प्यावर मोजक्या अक्षरांची चिठ्ठी, आणि आत हवा तेवढा मजकूर. गीतकाराला वेगळा कप्पा, संगीतकाराला वेगळा, गायकाला वेगळा. आकाशवाणीवर निवेदिका जशी तिन्ही नावं न चुकता सांगते तशी सोय! शेऱ्याचे तर एकाच फायलीत कितीही कप्पे असू शकतात. फक्त त्यातले किती दाखवायचे हे वाजवणाऱ्या प्रोग्रॅमच्या मर्जीवर, आणि बहुतेक प्रोग्रॅम एकच दाखवतात. हे वाक्य लक्षात ठेवा.

या इतक्या कप्प्यांचं वाचन प्रत्येक प्रोग्रॅमरने नव्याने लिहायचं म्हणजे वेड लागेल. म्हणून लायब्ररी. (आत्यासाठी: पुस्तकांची नव्हे. मसाला जसा एकीने कुटून ठेवायचा आणि चार सुनांनी वापरायचा, तसं एकाने लिहिलेलं काम बाकीच्या प्रोग्रॅमांनी वापरायचं, ती लायब्ररी.) आधी आयडी३लिब नावाची होती. तिची शेवटची आवृत्ती २००३ ची. नंतर काम थांबलं. त्याच सुमारास स्कॉट व्हीलर हा केडीई या लिनक्सच्या प्रकल्पात जूक नावाचा गाण्यांचा प्रोग्रॅम लिहीत होता. त्याला एमपी३, ऑग, फ्लॅक या सगळ्यांचे टॅग एकाच पद्धतीने वाचायचे होते. ते लिहिलं तेच टॅगलिब, २००४ पासूनचं. पुढे अमारॉकने ते घेतलं, व्हीएलसीने घेतलं. तुम्ही लॅपटॉपवर गाणं लावल्यावर नाव दिसतं तेव्हा बऱ्याचदा मागे टॅगलिब असतं आणि त्याचं नाव कुठेच दिसत नाही. नावं दाखवायचं काम करणाऱ्याचं नाव कुणाला माहीत नसावं, हे मला जरा लागलंच.

आता माझा मुद्दा. आजीच्या फायलींच्या डोक्यावरचा टॅग चांगला दोन किलोबाइटचा दिसत होता, आणि पडद्यावर दिसणारा मजकूर शंभर-सव्वाशे अक्षरांचा. पुढे कधी बदल करावा लागला तर म्हणून टॅगमध्ये रिकामी जागा सोडायची पद्धत असते, त्यामुळे मोठा टॅग म्हणजे आत काहीतरी आहेच असं नाही. पण शंका आली. टॅगलिबच्या मूळ कोडबरोबर छोटे छोटे नमुना प्रोग्रॅम येतात. त्यातला 'फ्रेमलिस्ट' नावाचा प्रोग्रॅम फायलीतला कप्पा न् कप्पा बाहेर काढून दाखवतो, कुठला दाखवावा कुठला नाही असा विचार न करता. माझ्या मशीनवर टॅगलिब होतं, पण तयार पॅकेजमधलं. नमुने त्यात नव्हते. म्हणजे मूळ कोड आणून स्वतः बांधणं आलं.

जुन्या काळी हे मी बरंच केलंय. २००४-०५ मध्ये रात्री डायल-अपवर कोडचं गाठोडं उतरवायला लावून झोपायचं, सकाळी सोडवायचं आणि तीन मंत्र म्हणायचे: कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल. पहिला मंत्र तुमच्या मशीनची झाडाझडती घेतो: कंपायलर आहे का, अमुक फाईल आहे का, तमुक आहे का. पडद्यावरून 'येस, येस, येस' असं धावत जातं आणि शेवटी एक 'नो' येऊन सगळं थांबतं. ही झाडाझडती लिहून देणारं ऑटोकॉन्फ डेव्हिड मॅकेन्झी यांनी १९९१ मध्ये सुरू केलं. मधला मेक तर त्याहून म्हातारा, बेल लॅब्जमधल्या स्टुअर्ट फेल्डमनचा, १९७६ चा. कुठली फाईल कशावर अवलंबून आहे हे बघून जेवढं बदललं तेवढंच पुन्हा बांधायचं, ही त्याची कल्पना, आणि ती अजून जशीच्या तशी चालते. मेकच्या फायलीत ओळीच्या आधी टॅबच लागतो, आठ स्पेस दिल्या तर चालत नाही. याच्यापायी जगातल्या किती लोकांचे किती तास गेले असतील! फेल्डमनने नंतर सांगितलं की चूक लवकरच लक्षात आली होती, पण तोवर वापरणारे डझनभर झाले होते आणि त्यांची गैरसोय नको वाटली. डझनभर लोकांसाठी!

आता टॅगलिबला तो पहिला मंत्र चालत नाही, सीमेक लागतो. जानेवारी २०२४ मध्ये टॅगलिबची २.० आवृत्ती आली. मी तीच घेतली आणि पहिल्याच पायरीवर आपटले. कोड आणला होता, पण 'यूटीएफसीपीपी' सापडत नाही अशी तक्रार. यूटीएफ वाचायचं काम टॅगलिबने दुसऱ्या एका छोट्या लायब्ररीवर सोपवलंय. तिच्यासाठी फोल्डर आहे पण आत काही नाही. ती वेगळा हुकूम देऊन आणावी लागते. लग्नाच्या आमंत्रणात 'सहकुटुंब' लिहिलं नाही म्हणून माणूस एकटाच यावा तसं. ती आणली. मग कंपायलर जुना पडला, कारण नव्या टॅगलिबला सी++ची २०१७ ची बोली लागते आणि माझं मशीन म्हणजे बाबांच्या टेपरेकॉर्डरचं भावंड. तो नवा घातला. नमुने बांध असं वेगळं सांगावं लागतं, ते पहिल्या वेळेला विसरले. शेवटी रात्री साडेबाराला टक्केवारी चढायला लागली आणि शंभरावर जाऊन थांबली. त्यात काय एवढं, असं तुम्हाला वाटेल. पण आपल्या डोळ्यांदेखत कोड बांधून पुरं होणं यात पुरणपोळी न फाटता तव्यावर उलटण्याचं सुख आहे.

फ्रेमलिस्टला सात नंबरची फाईल दिली. उगीच सात, हाताशी ती होती.

कप्पे आले. नाव, गायक, साल. मग शेऱ्याचे दोन कप्पे. पहिल्यात ते आकडे. मधल्या काळात दादाने गाणी लावायच्या कुठल्यातरी प्रोग्रॅमने सगळ्या फायलींचा आवाज सारखा करून घेतला होता, त्या प्रोग्रॅमने आपला हिशेब शेरा म्हणून टाकलेला. आणि त्याच्या मागे दुसरा शेरा: चिवड्याच्या नऊ-दहा ओळी. नऊ-दहा ओळी! बाबांनी लिहिलेल्या. आकड्यांचा कप्पा पुढे बसला म्हणून इतकी वर्षं कुणाला दिसल्या नव्हत्या.

चिवडा का, तर फॉन्टमुळे. २००२ मध्ये मराठी लिहायचं म्हणजे बहुतेक घरांत युनिकोड नव्हे, फॉन्टची जादू. इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकावर मराठीचे तुकडे चढवलेले: एका क्रमांकावर अर्धा प, दुसऱ्यावर काना, तिसऱ्यावर रफार. फॉन्ट लावला की मराठी, काढला की चिवडा. आणि हे तुकडे जसे दिसतात त्या क्रमाने असतात. म्हणजे पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी, कारण ती डावीकडे दिसते, रफार नंतर. बाबा वर्डमध्ये टाईप करून टॅगच्या चौकटीत डकवायचे. तिथे फॉन्ट लागायचा नाही, चिवडाच दिसायचा, पण त्यांना फिकीर नव्हती. मूळ वर्डमध्ये आहेच की, असं म्हणायचे.

तो फॉन्ट एका जुन्या सीडीवर मिळाला. ओळी कागदावर घेतल्या, फॉन्ट बदलला, आणि बाबांची ती टिपिकल कारकुनी मराठी समोर आली. आधी गाण्याचं नाव वाचलं: 'पहाटेच्या ओव्या – आई व'. एवढंच. त्यांच्या प्रोग्रॅमच्या डाव्या चौकटीत जुन्या पद्धतीची तीस अक्षरांची मर्यादा होती, तीच त्यांनी उजवीकडे उतरवून घेतली होती; 'व'च्या पुढचं कापलं गेलं होतं. आई व कोण?

शेऱ्यात होतं. "यातील मुख्य आवाज आईचा नसून काकीचा आहे. आई फक्त मागून साथ देते. १९८१, माघ महिना, पहाट. पुढे कुणी आईचा म्हणून सांगू नये." आणि त्याखाली काकीचं पूर्ण नाव, माहेरच्या आडनावासकट.

काकी म्हणजे आजीची थोरली जाऊ. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला, मूल नाही, सगळं आयुष्य आमच्या घरात राबण्यात गेलं. तिचा फोटो नाही. तिला सगळे काकीच म्हणायचे. आम्हा नातवंडांना तिचं नाव ठाऊक नव्हतं, आणि विचारावं असं कधी सुचलंही नाही. ज्या फायली आम्ही 'आजीचा आवाज' म्हणून ऐकत, ऐकवत आलो (दादाच्या मुलीच्या शाळेतसुद्धा एक लावली होती) त्यांतल्या सतरा काकीच्या निघाल्या. प्रत्येक नाव नेमकं 'आई व' पाशी कापलेलं.

ओव्या मुळात नावांनी भरलेल्या असतात, भावाचं, लेकाचं, गावाचं. गाणारीचं नाव मात्र क्वचित. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून लाखाहून जास्त ओव्या जमवल्या तेव्हा प्रत्येकीपुढे गाणारीचं नाव आणि गाव लिहायचा कटाक्ष ठेवला. २०१७ पासून त्या 'पारी'वर ऐकायला मिळतात. बाबांनी त्यांचं काम कधी वाचलं होतं का, आता विचारता येत नाही.

पुढचं काम रटाळ, पण करावंच लागलं. पहिल्या आठ फायलींचे शेरे हाताने टाईप केले, मग कंटाळून तुकड्यांचा तक्ता केला आणि वेलांट्या उचलून योग्य जागी ठेवणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो चालवला तर 'शेअर्ड लायब्ररी उघडता येत नाही'. बांधलेलं टॅगलिब जाऊन बसलं होतं खरं, पण मशीनला ते कुठे बसलंय हे सांगायचं राहिलं होतं. एलडीकॉन्फिग नावाचा एक शब्द टाईप केला की होतं. वीस वर्षांपूर्वीही मी हेच विसरायचे. आणखी एक घोळ: यूटीएफ-८ आयडी३ मध्ये आलं ते २००० च्या २.४ आवृत्तीत, आणि दादाच्या गाडीतल्या जुन्या स्टिरिओला त्याच्या आधीचीच समजते. म्हणून २.३ मध्ये, यूटीएफ-१६ करून लिहिलं. गाडीत आता चौकोन दिसतात. स्टिरिओकडे देवनागरी फॉन्टच नसावा. तिथे मी हात टेकले.

टॅगलिबच्या नमुन्यांत शेपटीचा जुना टॅग कापून टाकणाराही एक प्रोग्रॅम आहे. तो चालवावा असं आधी वाटलं, नवं सगळं डोक्यावर आलंच आहे तर शेवटचा चिवडा कशाला? पण नाही चालवला. फायलींच्या शेवटी ते १२८ बाइट बाबांनी भरले तसेच आहेत, ब्लूजसकट.

पंचाहत्तरीला सात नंबर लावला. लावण्याआधी मी शेरा वाचून दाखवला आणि काकीचं नाव सांगितलं. आत्या काही बोलली नाही. गाणं निम्म्यावर आल्यावर म्हणाली, "हो, काकीच. 'ळ' म्हणताना जीभ अडकायची तिची." मग म्हणाली, परत लाव. तिसऱ्यांदा लावल्यावर तिने मोठ्या वहिनीला काकीच्या माहेरचं कोण कोण उरलंय ते विचारलं, आणि दोघी त्याच हिशेबात बराच वेळ बसल्या. काकीचं नाव इथे लिहीत नाही. आधी त्यांच्या घरी जाऊन ऐकवू, असं आत्याचं म्हणणं आहे. संक्रांतीनंतर जायचं ठरतंय.

घरच्यांसाठी: फायली सगळ्यांना पेन ड्राइव्हवर देते आहे. तेवीस आणि अडतीस या दोन फायलींत शेरा रिकामा आहे, बाबांनी काहीच लिहिलेलं नाही. तेविसात मागे कुणीतरी म्हातारा खोकतो आणि एक लहान मूल 'भाकरी' म्हणून ओरडतं. ते मूल म्हणजे आपण, असं आतापर्यंत तिघांनी सांगितलंय. गाणारी कोण हे कुणाला ओळखता आलं तर कळवा, मी कप्पा मोकळा ठेवलाय.